रात्रीच्या सवाईत जलरंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवात, म्हणजे सवाईच्या भारतीय बैठकीत मांडीवर बोर्ड घेऊन बसलं, की शेजारचे काका पहिल्या अर्ध्या तासात तीन गोष्टी विचारतात. काय काढताय? एवढ्या अंधारात दिसतं कसं? आणि मग गाणं ऐकू येतं का? तिसऱ्या प्रश्नात थोडा टोमणा असतो. मंडपात तोंडी उत्तरं देत बसलं तर मागच्या दोन रांगांचे शाप लागतात, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत. काही प्रश्न चित्र काढणाऱ्यांनी विचारलेले आहेत, काही नुसतं बघणाऱ्यांनी.

सवाईच का?

कारण इथे माणसं तासन्‌तास एका जागी बसतात. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर तथा सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. तो आर्य संगीत प्रसारक मंडळ भरवतं. २०११ साली भीमसेनजी गेले, त्यानंतर त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं. रमणबागेच्या मैदानावर तो बरीच वर्षं होता, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो. चित्रकाराच्या दृष्टीने सगळ्यात मोठी सोय ही, की तो एका रात्रीत संपत नाही. काल जे फसलं ते आज त्याच जागेवरून, तशाच दिव्यात, पुन्हा काढता येतं. एरवी स्पॉटवर जाऊन लँडस्केप करणाऱ्याला इतकी सवलत मिळत नाही.

खाली जे लिहिलं आहे ते इतर उघड्यावरच्या मैफलींनाही लागू पडेल. कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर कोणी पेटी घेऊन बसलं, तरी दिवा आणि ओला कागद यांची भांडणं तीच असतात.

प्रत्यक्षात रात्र किती तास मिळते?

जुने लोक सांगतात तेवढी नाही. पूर्वी सवाई रात्रभर चालायचा आणि शेवटच्या दिवशी उजाडताना भीमसेनजी गायला बसायचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, आणि सवाईतला एखादा दिवस त्यात बसवतात. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पुढची वीस-पंचवीस मिनिटं संधिप्रकाश. म्हणजे रोज साधारण साडेतीन तासांचा खरा अंधार. दोन छोटी चित्रं होतात, एक नीट होतं.

पण दुपारपासूनच जा. उजेड असताना पेन्सिलीने मंडपाचे खांब, स्टेजची उंची, स्क्रीनची चौकट टाकून ठेवली, तर अंधार पडल्यावर फक्त रंगाकडे बघायचं उरतं. संधिप्रकाशाची ती वीस मिनिटं वाया घालवू नका. मंडपाच्या कडेला उभं राहिलं की बाहेर आभाळ गडद निळं आणि आत पिवळे दिवे असं दिसतं. दोन्हींचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, तेव्हा जवळजवळ सारखा असतो. दहा मिनिटांनी आभाळ काळं होतं आणि ती गंमत संपते.

अंधारात रंग ओळखू कसे येतात?

येत नाहीत. हे आधी मान्य करा.

मंद प्रकाशात आपले डोळे लाल रंगाला गडद आणि निळ्याला उजळ समजतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवलं आहे. पुण्यात आपल्याला त्याचा पडताळा मिळतो तो असा: अलिझरीन (गडद लाल) आणि सेपिया (गडद तपकिरी) शेजारी ठेवा, आणि कोणता कुठला ते सांगा. त्यात स्टेजवरचे दिवे रंगीत. जांभळा किंवा निळा प्रकाश कागदावर पोचला, तर तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना काळा दिसतो आणि निळा अल्ट्रामरीन कागदाइतका फिका. साध्या पिवळ्या बल्बखाली फिकट पिवळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, दिसतच नाही, म्हणून आपण आणखी एक देतो, मग आणखी एक. सकाळी खिडकीपाशी नेलं की चित्राला कावीळ झालेली असते.

माझ्या पहिल्या वर्षीच्या चित्रात एका गायिकेची शाल मी फार मनापासून रंगवली होती. मंडपात ती मोरपंखी वाटत होती. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी विचारलं, या बाईंनी सिमेंटचं पोतं का पांघरलंय?

यावर उपाय एकच, डोळ्यांऐवजी जागेवर भरवसा ठेवायचा. पॅलेटमध्ये रंगांचा क्रम एकदा ठरवा आणि वर्षभर बदलू नका. हार्मोनियम वाजवणारा पट्ट्यांकडे बघत नाही, तसा हात आपोआप गेला पाहिजे. आणि रंग चुकला तरी चालेल, टोन चुकता कामा नये. मंडपात डोळे किलकिले करून बघा: सगळ्यात उजळ काय, सगळ्यात गडद काय, आणि मधे काय? या तीन पायऱ्या बरोबर असतील, तर शाल सिमेंटची असूनही चित्र रात्रीचं वाटतं. माझं ते चित्र अजून भिंतीवर आहे, ते याच कारणाने.

दिवा कोणता न्यायचा?

बोर्डाला क्लिपने लागणारा, मान वळणारा, उजेड कमी-जास्त करता येणारा छोटा एलईडी दिवा. पांढरा, पण निळसर पांढरा नको. खोक्यावर ४००० ते ५००० केल्विन लिहिलेलं असेल तर बघा. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असला तर रंग बऱ्यापैकी खरे दिसतात. दिव्याला वरून काळ्या कार्डशीटची टोपी करून डकवा, म्हणजे उजेड फक्त कागदावर पडेल.

कपाळावर बांधायचा दिवा आणू नका. तुम्ही मान वर कराल तेव्हा तो थेट पुढच्या माणसाच्या मानेवर पडतो, आणि कोणी हाक मारली म्हणून वळलात तर मागच्या आजोबांच्या डोळ्यांत. ट्रेकिंगवाले लाल दिवा सुचवतात, कारण त्याने अंधाराला सरावलेली नजर बिघडत नाही. तो तारे बघायला ठीक आहे. लाल दिव्याखाली लाल रंग कागदात विरघळून जातो, रंगवणार कसं?

दिवा शक्य तितका मंद ठेवा. कागद झगझगीत उजळला, तर तिथून वर बघितल्यावर स्टेजखेरीज काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ती एका झटक्यात गमावता येतात.

रंग किती आणि कोणते?

सहा. अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ओकर, गॅम्बोज आणि एक थंड, म्हणजे निळसर झाकीचा, लाल. कॅमलच्या आर्टिस्ट ट्यूबमधले चालतात. आपल्यापैकी बहुतेकांचा हात त्यांवरच बसलेला असतो. ट्यूब घरीच पॅलेटमध्ये पिळून आदल्या रात्री वाळवा. मंडपात टोपण उघडलं की ते सतरंजीखाली जातं आणि पुढच्या सवाईला सापडतं.

स्टेजवरच्या झगमगीत गुलाबी दिव्यासाठी ऑपेरा पिंक घ्यावासा वाटतो. घ्या, पण तो रंग उजेडात लवकर उडतो हे लक्षात ठेवा. फ्रेम करून खिडकीसमोर लावलंत तर काही वर्षांत स्टेजचा दिवा विझेल. शिवाय पांढऱ्या पोस्टर कलरची एक डबी. ती का, ते पुढे येतं.

रात्र म्हणजे काळा रंग, नाही का?

ट्यूबमधला काळा सपाट बसतो, भोक पडल्यासारखा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना भरपूर घट्ट मिसळले की काळ्याच्या अगदी जवळ जातात, आणि निळा थोडा जास्त घातला की थंड अंधार, सिएना जास्त घातला की उबदार. मंडपाबाहेरची रात्र थंड, आतली उबदार. एकाच मिश्रणातून दोन्ही निघतात.

पण खरी गोष्ट काळ्याची नाही, पांढऱ्याची आहे. जलरंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. यासाठी मी सगळ्यांना एकच चित्र बघायला सांगतो: सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांनी काढलेली, हातात दिवा धरलेली स्त्री. म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे ते. आपल्या मुलीला समोर उभं करून त्यांनी ते काढलं. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात आणि तैलचित्र समजतात. ते जलरंगात आहे. ज्योत हाताआड आहे, दिसतो तो बोटांच्या कडांमधून येणारा तांबूस उजेड. पिवळा रंग तिथे जेमतेमच असेल. बोटांच्या आसपासचा अंधार इतका संयमाने चढवला आहे, की उरलेला कागद पेटल्यासारखा वाटतो.

मंडपात हाच धडा गिरवायचा. आधी ठरवा, कागद कुठे कोरा राहणार. तीनपेक्षा जास्त जागा नकोत: गायकाचा झब्बा, स्क्रीनचा एखादा कोपरा, चहावाल्याचा बल्ब. बाकी सगळ्यावर पहिल्याच वॉशमध्ये थोडा तरी रंग गेला पाहिजे. तंबोऱ्याच्या तारा, चष्म्यांवरची चमक, माइकचा दांडा असल्या बारीक गोष्टींसाठी शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरचे चार ठिपके चालतात. शुद्ध जलरंगवाले नाक मुरडतील. मुरडू द्यात.

कागद कोणता?

३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शक्यतो कॉटनचा, पोस्टकार्डाच्या दुपटीएवढा. त्याहून मोठा न्याल तर शेजाऱ्याच्या गुडघ्यावर जाईल. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन बोटांनी चाचपून कागद घ्या. ही संस्था १९४० पासून आहे. हातकागद पाणी जास्त शोषतो, तेव्हा आधी घरी एक तुकडा भिजवून बघा.

वॉश वाळतच नाही! काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि रागाने विचारला जाणारा.

डिसेंबरात पुण्यात रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. हवा गार झाली की तिच्यात पाणी मावत नाही, कागदातलं पाणी उडणार कुठे? मे महिन्यात जो वॉश पाच मिनिटांत वाळतो तो इथे वीस मिनिटं ओला राहतो, आणि मंडपाबाहेर दव पडायला लागलं की तेवढ्यातही होत नाही. घाईने वर दुसरा रंग दिलात, की कागदावर फुलकोबीसारखे डाग उगवतात.

मी यावर गाण्याचं वेळापत्रक वापरतो. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला ख्याल, अर्धा-पाऊण तास चालतो. गायकाने आलापी सुरू केली की मी पूर्ण कागद ओला करून पहिला वॉश सोडतो. दिव्यांभोवतीची प्रभा, धुक्यासारखी गर्दी, छताची झालर, हे सगळं ओल्यावरच ओलं. मग ब्रश खाली ठेवायचा. खरंच खाली. राग उलगडतोय तोवर कागदाकडे बघायचंही नाही. ताना सुरू झाल्या, म्हणजे कागद दमट झाला असं समजायचं. आता मधले टोन. द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, संपून टाळ्या पडल्या की वरचे गडद. मध्यंतरात दिवे लागतात तेव्हा फक्त बघायचं, हात लावायचा नाही, कारण त्या उजेडात सगळंच चुकलेलं वाटतं आणि आपण दुरुस्त करायला जातो.

उशीर खरोखरच होत असेल तर बोर्डाखाली गरम चहाचा थर्मास आडवा ठेवा. लॅमिनेटच्या पातळ बोर्डातून ऊब येते. टोपण घट्ट आहे ना, हे तपासण्याबद्दल मी अनुभवाने बोलतो आहे, तपशील विचारू नका.

गायक सारखे हलतात, हात वर जातात. काढायचं कसं?

समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघा. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभराच्या आसपास जातं. प्रत्येक गायकाची समेवर येण्याची एक ढब असते: कोणी तळवा उघडा टाकतो, कोणी मान झटकतो, कोणी तबलजीकडे वळून हसतो. आठ-दहा आवर्तनं नुसती बघितली की ती ढब पाठ होते. मग दर मिनिटाला तुमचं मॉडेल स्वतःहून त्याच पोझमध्ये परत येतं, आणि येणार कधी हे तबला आधीच सांगतो. कॉलेजातल्या लाइफ क्लासला इतकं शिस्तीचं मॉडेल मला कधी मिळालं नाही.

तरी सुरुवात मागून करा. तंबोऱ्यावर बसलेले शिष्य तासभर हलत नाहीत. फक्त बोटं फिरतात. दोन तंबोऱ्यांच्या दोन उभ्या रेषा पडल्या, की मधे गायकाचा त्रिकोण आपोआप बसतो. चेहरा काढायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही बसलाय तिथून चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो, आणि स्क्रीनवर बघून काढलात तर मोठ्या डोक्याचा गायक तयार होतो.

स्टेजच काढलं पाहिजे का?

मुळीच नाही. माझं मत विचाराल तर स्टेज हा सवाईतला सगळ्यात कंटाळवाणा विषय आहे. त्यावरचा उजेड कोणीतरी आधीच ठरवून दिलेला असतो. पाठ फिरवून बसा. समोर हजारो माणसांवर स्टेजचा उडालेला उजेड पडलेला असतो. कानटोप्या, शाली, मांडीवर हाताने धरलेले ताल, आईच्या मांडीवर झोपलेली मुलं, डोळे मिटलेला एखादा म्हातारा, ज्याला झोप लागलीय की समाधी हे कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या रांगेच्या गालांवर गुलाबी, मागे मागे जात सगळं निळं. एका वॉशमध्ये शंभर डोकी होतात. पाच-सहांना कान आणि चष्मे द्या, बाकीची आपोआप माणसं होतात.

खाण्याचे स्टॉल तर सोडूच नका. पिवळा बल्ब, कढईची वाफ, आणि वाफेत अर्धवट दिसणारा वडे तळणारा. वाफ म्हणजे ओल्या कागदावर स्वच्छ ब्रशने उचललेला रंग. दोन मिनिटांचं काम, आणि नंतर मॉडेलला पैसे देऊन खाताही येतं.

पाण्याचं काय?

झाकणाची छोटी बाटली, आणि सतरंजीवर कधीही उघडी ठेवू नका. वॉटरब्रश (दांड्यातच पाणी भरलेला ब्रश) असला तर उत्तम. घाण पाणी बाटलीतच घरी न्या. मैदान शाळेतल्या मुलांचं आहे. चहाचा कप आणि पाण्याचा कप दोन वेगळ्या हातांना ठेवावेत. प्रशियन ब्लूचा चहा मी प्यालो आहे. चव लागत नाही, पण बायको दातांकडे बघत राहते.

परवानगी लागते का? लोक रागावतात का?

प्रवेशिकेवरचे आणि फाटकावरचे त्या वर्षीचे नियम वाचा आणि स्वयंसेवकाला सुरुवातीलाच वही दाखवा. ब्लेड-कटर नेऊ नका, पेन्सिली घरून तासून न्या. ईझल (चित्र ठेवायची तिकाटणी) हा शब्दही काढू नका. रांगेच्या कडेला बसा, म्हणजे मागे कोणाला अडचण नाही. आलापी चालू असताना कागद फाडणं, झिप ओढणं, टिश्यूची पिशवी चुरचुरवणं हे सगळं मोबाइल वाजण्याइतकंच वाईट. टेप आणि टिश्यू आधीच सुटे करून ठेवा.

जवळून कोणाचा चेहरा ओळखू येईल असा काढत असाल, तर टाळ्यांच्या वेळात त्यांना दाखवा. आजवर मला फक्त एका मावशींनी आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, हनुवटी एकच काढा.

टॅबवर का नाही काढत? रंगही बरोबर दिसतील.

दिसतील. आणि मागच्या पाच रांगांनाही दिसतील.

मग गाणं ऐकू येतं का?

खरं सांगायचं तर सगळं नाही. ब्रश कागदावर असतो तेव्हा शब्द हरवतात, सूर राहतो, लय तर हातातच उतरते. रागाचं नाव शेजारच्यांना विचारावं लागतं. पण वॉश वाळत असतानाची ती वीस मिनिटं मी जितकं नीट ऐकतो, तितकं रिकाम्या हाताने कधी ऐकलं नाही, कारण दुसरं काही करताच येत नाही. चित्राच्या मागे तारीख आणि राग लिहून ठेवतो. मारव्याची चित्रं पुरियापेक्षा वेगळी निघतात का, असं एकाने विचारलं होतं. निघत नाहीत. निघतात ती सहाची आणि नऊची वेगळी.

एकच दिवस जमणार असेल तर कोणता?

शेवटचा. सगळी गायनं झाल्यावर सवाई गंधर्वांचं जुनं ध्वनिमुद्रण लावून महोत्सवाची सांगता करायची परंपरा आहे. सगळा मंडप एका आवाजाकडे तोंड करून बसतो आणि तो आवाज काढणारं माणूस समोर नसतं. कोणी हलत नाही. तेवढ्या मिनिटांत पूर्ण चित्र होत नाही, म्हणून गर्दीचा वॉश आधीच टाकून, वाळवून ठेवा, आणि तेव्हा फक्त गडद द्या.

कार्यक्रम संपला आणि चित्र अजून ओलं आहे. स्कूटरवर कसं न्यायचं?

पिझ्झाचं रिकामं खोकं. बोर्डासकट त्यात आडवं ठेवा, चारही कोपऱ्यांना टेपच्या गुंडाळ्या लावा म्हणजे झाकण कागदाला टेकणार नाही, आणि मागे बसणाऱ्याच्या मांडीवर द्या. एकटे असाल तर पायाशी, सपाट. डिकीत उभं ठेवू नका, सगळं आभाळ प्रेक्षकांत ओघळतं. मुकुंदनगरहून कोथरूडपर्यंत माझं आणलेलं आहे. सिग्नलला शेजारच्या मुलाने विचारलं, काका, कुठला टॉपिंग? मी म्हटलं, मालकंस.